मेसेज मोठ्यानं वाचायचा

(शताब्दी महोत्सवाच्या सांगता समारंभात दिंडीच्या हिशेबनिसांनी केलेले भाषण. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)





कीर्तनाला उभं राहायचा माझा अधिकार नाही, आणि तसा आवही मी आणत नाही. दिंडीची वही सांभाळायची आणि गावात सेवा केंद्र चालवायचं, एवढी माझी दोन कामं. वारीत भिशी कुणाची आली, कुणाची राहिली, ट्रकचं भाडं, टँकर, गॅस, असा हिशेब. बाकी वर्षभर सातबारा, दाखले, आधार, पीक विमा, पेन्शन. समितीनं सांगितलं, मोबाईलवर तुम्ही बोला, कारण तंबूत चार्जिंगवरून होणारी भांडणं तुम्हीच मिटवता. म्हणून उभा राहिलो.

या सोहळ्याच्या निमित्तानं आपण जुन्या वह्या बाहेर काढल्या. सुरुवातीची काही पानं मोडीत आहेत. आज गावात मोडी वाचणारं कुणी उरलं नाही, म्हणून तालुक्याहून एका जाणकारांना बोलावलं. त्यांनी पारावर बसून ती पानं मोठ्यानं वाचली आणि आपण सगळ्यांनी ऐकली. कुणी किती शिधा दिला, बैलगाडीला काय खर्च आला, असलंच सगळं. पण एका पानावर पोस्टकार्डांचा खर्च निघाला. मुक्कामावरून गावाकडं खुशालीची कार्डं टाकायची पद्धत होती. लिहिता येणारा दिंडीत एखाददुसरा, तोच सगळ्यांची कार्डं लिहायचा. तिकडं गावातही वाचता येणारा एखादाच, तो ओट्यावर बसून वाचायचा. म्हणजे एका घरची खुशाली अख्ख्या आळीला कळायची. गुपित असं काही राहायचं नाही, आणि त्याचा त्रासही होत असणार, नाही असं नाही.

आता बघा. तार होती, ती २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली. गावात एसटीडीचा बूथ होता, तिथं आता मोबाईलचं रिचार्ज मिळतं. २०१६ हे साल माझ्या चांगलं लक्षात आहे. त्या वर्षी इंटरनेट एकदम स्वस्त झालं, युपीआय सुरू झालं आणि नोव्हेंबरात नोटाबंदी आली. तोवर माझ्याकडं भिशी यायची ती धोतराच्या कनवटीतून नाहीतर लुगड्याच्या गाठीतून. आता निम्मी भिशी मला माझ्या फोनवर येते. दिवे घाटाच्या पायथ्याला चहावाल्याकडं कोड आहे, चप्पल शिवणाऱ्याकडं आहे, झाडाखाली दाढी करणाऱ्या दादाकडं आहे. सुट्ट्या पैशाची कटकट गेली. गर्दीत खिसा कापला जायचा, ते भय कमी झालं. आणि रात्री नातवाचं तोंड बघून झोपणारी आजी मी रोज बघतो. तिला कुणी म्हणेल की फोन वाईट, तर ती ऐकून घ्यायची नाही. मीही घेणार नाही.

फायदा अजून सांगतो. पूर्वी सातबाऱ्याला तलाठ्याकडं खेपा घालाव्या लागायच्या. आता डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो. वाटेत कुणाच्या छातीत दुखलं तर १०८ ला फोन लागतो. माणूस चुकलं तर लाऊडस्पीकरवर गावाचं नाव पुकारत बसावं लागत नाही. फक्त वाखरीला सगळ्या पालख्या जमल्या की फोनचं काही खरं नसतं. लाखो फोन एका जागी, कुणाचाच लागत नाही. तिथं अजूनही आपली पताका उंच धरणारा माणूसच कामाला येतो.

पण एक गोष्ट बदलली आणि ती आपल्या ध्यानात आली नाही. कार्ड चारचौघांत वाचलं जायचं. फोन ज्याचा तोच बघतो, एकट्यानं, मान खाली घालून. ज्याला नीट वाचता येत नाही तोसुद्धा एकट्यानंच बघतो, कारण विचारायची लाज वाटते. मला आज बोलायचंय ते एवढ्यावरच.

आपल्या दिंडीतले एक बाबा होते. होते म्हणजे आहेत, देवानं त्यांना सुखी ठेवावं, पण आता दिंडीत येत नाहीत. नाव सांगत नाही. काही वर्षांमागं लोणंदच्या मुक्कामात त्यांना फोन आला. पलीकडचा साहेबी मराठीत बोलत होता. तुमच्या खात्याची केवायसी राहिली, आज खातं बंद होणार, वारीत आहात तर बँकेत यायची गरज नाही, मी फोनवरच करून देतो. बाबांना आलेला आकडा त्यांनी त्याला वाचून दाखवला. मग अजून एक. आणि त्यानं निक्षून सांगितलं होतं, बाबा, हे कुणाला सांगू नका, खात्याची गोष्ट गुप्त असते.

बाबांनी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, बाबा माझ्या शेजारीच टाळ वाजवत होते. फलटण गेलं, बरड गेलं, नातेपुते गेलं. वाखरीला मला बाजूला घेऊन म्हणाले, जरा खात्यावर किती हाय बघ. बघितलं तर कांदा विकून ठेवलेले सगळे पैसे गेले होते. मी विचारलं, बाबा, तेव्हाच का नाही बोललात? म्हणाले, लोक हसतील.

त्या दिवसांत काय करता आलं असतं ते सांगतो, कारण हे सगळ्यांना माहीत पाहिजे. सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर आहे, देशभर चालतो. पैसे गेल्या गेल्या तिथं फोन केला तर ते पुढच्या खात्यावर गोठवायची सोय आहे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवत असतो. त्याच्या मागं तासाच्या आत धावलं तर काही हाती लागायची आशा असते. बाबांनी इतके मुक्काम पोटात ठेवलं. आम्ही तक्रार केली, पोलिसांनी लिहून घेतली, बँकेला अर्ज दिला. हाती काही आलं नाही.

पैसे गेले ते गेले. मला लागलं ते पुढच्या वर्षी. ज्येष्ठात भिशी मागायला त्यांच्या घरी गेलो तर म्हणाले, यंदा पाय दुखतोय. पाय दुखत नव्हता. कित्येक वर्षांची वारी त्या एका फोनपायी मोडली, आणि ती पैशावाचून मोडली नाही. भिशीचं मी बघतो म्हणालो होतो. ती चारचौघांत तोंड दाखवायच्या लाजेनं मोडली. आपल्यातल्या कुणीतरी, मागून का होईना, हसलं होतं. कोण ते मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. जाऊ द्या.

त्यानंतर आम्ही चार-पाच जणांनी बसून ठरवलं. संध्याकाळी हरिपाठ झाला, जेवणं झाली, की ट्रकच्या मागच्या बाजूला दिव्याखाली एक सतरंजी टाकायची. कॉलेजची दोन-तीन पोरं-पोरी तिथं बसतील. ज्याला फोनवर काही आलं असेल आणि कळलं नसेल, त्यानं तिथं यायचं आणि मेसेज मोठ्यानं वाचून घ्यायचा. पारायणाला कसं, व्यासपीठावरचा एक जण ओवी वाचतो आणि ज्याला अक्षर येत नाही त्याच्याही कानावर ज्ञानेश्वरी पडते. तसंच हे. ज्याला वाचता येतं त्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक आत्या आली. तिला आलेला मेसेज रिचार्ज संपल्याचा निघाला. मग लोक यायला लागले. कुणाला पीएम किसानचा हप्ता, कुणाच्या नातीचा दहावीचा निकाल, कुणाला लॉटरी लागल्याचं खोटं. एका तात्यांनी तर मोठ्यानं वाचायचं म्हटल्यावर आलेला ओटीपीच खणखणीत आवाजात अख्ख्या तंबूला ऐकवला. तेव्हा दुसरा नियम करावा लागला. मेसेज मोठ्यानं वाचायचा, पण त्यातला आकडा वाचायचा नाही. ओटीपी आणि पिन हे नवरा-बायकोत ठेवले तरी पुष्कळ झालं.

त्याच सतरंजीवर एक माउली वाचली. म्हणजे तिचे पैसे वाचले. तिला एकानं फोन केला होता की तुमचे लाडक्या बहिणीचे अडकलेले पैसे मी आत्ता पाठवतो, फोनवर एक बटण येईल ते दाबा आणि पिन टाका. ती बटण दाबायच्या बेतातच होती, पण सवयीनं फोन घेऊन सतरंजीवर आली. पोरीनं मोठ्यानं वाचलं, आजी, इथं 'पे' लिहिलंय. आजी म्हणाली, हां, पे म्हणजे पगार, पैसे येतात ना! पोरगी म्हणाली, नाही आजी, पे म्हणजे द्या. तुम्ही देताय.

एका इंग्रजी शब्दाचा खेळ आहे बघा. तो शब्द तिच्या भाषेत असता तर कुणाची छाती झाली नसती तिला फसवायची. बऱ्याच ॲपमध्ये मराठी निवडता येते, ती आजच करून घ्या, पोरांना सांगा. आणि एवढं पाठ करून ठेवा की पैसे यायला पिन लागत नाही. कोड स्कॅन करायला लागत नाही. पिन टाकला की पैसे गेले, मग समोरचा काहीही सांगू दे.

चोराची खूण मी एवढ्या वर्षांत एकच बघितली. तो प्रत्येक वेळी आवाज बदलतो. कधी बँकेचा साहेब, कधी वीज तोडणारा, कधी पोलीस. पण एक वाक्य सगळे म्हणतात, कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका. हल्ली 'डिजिटल अटक' म्हणून नवीन निघालंय. व्हिडिओ कॉलवर वर्दी दाखवतात आणि घरात कोंडून बसवतात. कायद्यात अशी अटक नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये हे सांगितलं. वारकऱ्याला कुणी म्हणालं की एकटा बस आणि कुणाशी बोलू नको, तर तिथंच त्यानं उठून चारचौघांत यावं. शंभर वर्षं आपण एकटे कधी चाललोय?

अजून एक आलंय. व्हॉट्सअपवर लग्नपत्रिका येते, नाहीतर पीएम किसानची यादी. नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. उघडून बसवलं की तुमचे मेसेज त्याला तिकडं दिसू शकतात. ओळखीच्या नंबरावरून आली तरी उघडू नका, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. पत्रिका द्यायची असेल तर पाहुणे घरी येतील, चहा पितील.

आता सरकारी कामांचं. इथं मला थोडं रागानं बोलायचंय, महाराजांनी माफ करावं. पूर्वी पेरणी आटोपली की माणूस वारीला मोकळा. आता खरीप विम्याची मुदत जुलैअखेर असते, आषाढी बऱ्याचदा जुलैतच येते. म्हणजे माणूस वाटेवर, कागद गावात, आणि ओटीपी त्याच्या खिशात. मी वेळापूरच्या उन्हात उभं राहून गावातल्या पोराला ओटीपी सांगितलेत. काय करणार, दहा मिनिटांत तो मरतो.

आणि नंबर. पोरानं पुण्यात बसून आपल्या नंबरवर आई-बापाचं आधार जोडलेलं असतं. मग पेन्शनचा ओटीपी पुण्याला जातो आणि म्हातारा माझ्या केंद्रात बाकड्यावर बसून राहतो, कारण पोरगा कंपनीत आहे, फोन आत नेता येत नाही. काहींचा नंबर जुना. बरेच दिवस न वापरता, न रिचार्ज करता पडलेला नंबर कंपनी बंद करते आणि पुढं दुसऱ्याला देते. मग तुमचा ओटीपी कुण्या परक्याच्या फोनवर. म्हणून म्हातारा-म्हातारीचा एक नंबर त्यांचा स्वतःचा असावा, साधा बटणाचा फोन का असेना, आणि तो चालू ठेवावा. आधारला तोच, बँकेला तोच.

बोटांचंही तसंच. खुरपून, ऊस तोडून, भांडी घासून बायकांच्या बोटांच्या रेघा झिजतात. मशीनवर बोट ठेवलं की लाल दिवा. एक मावशी मला म्हणाली, मी मीच हाय ना रं? तिला काय उत्तर देणार. करायचं काय ते सांगतो. हात साबणानं धुऊन पुसायचे, दुसरं बोट लावून बघायचं, नाहीच झालं तर डोळ्याच्या मशीनवर करायचं. पीएम किसानची केवायसी तर आता ॲपमध्ये चेहरा दाखवूनही होते. केंद्रवाल्यानं एकदा 'होत नाही' म्हटलं म्हणून परत जाऊ नका. मी केंद्रवाला असून सांगतोय. आणि ज्या कामासाठी अंगठा दिला ते काम काय, पैसे किती निघाले, पावती कुठं आहे, हे तिथंच उभं राहून मोठ्यानं विचारा. मोठ्यानं विचारलं की रांगेतले बाकीचेही ऐकतात.

अभंगांविषयी एक बोलायचं राहिलं. आपल्या दिंडीच्या ग्रुपवर रोज सकाळी तुकोबांच्या नावानं काहीतरी येतं. मागं एक फारच गोड आलं होतं, सगळ्यांनी हात जोडले, पुढं पाठवलं. आपल्या एका टाळकऱ्यानं गाथा काढून शोधलं, ते गाथ्यात नाहीच. कुणीतरी घरी बसून रचलं आणि खाली 'तुका म्हणे' जोडलं. हे आजचंच आहे असं नाही. ज्ञानेश्वरीच्याही हाती लिहिलेल्या प्रतींत लोकांनी आपल्या ओव्या घुसडल्या होत्या. म्हणून नाथमहाराजांनी पैठणला वेगवेगळ्या प्रती ताडून शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. नाथांना ताडायला तेव्हा जमवलेल्या प्रती होत्या. आपल्याला गाथा घरात, फळीवर आहे. पाठवायच्या आधी उघडायला काय हरकत?

२०२० ची आठवण काढल्याशिवाय कसं जमेल. त्या वर्षी पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि आपण घरी. आपल्या वहीत त्या वर्षाचं पान कोरं आहे, मी मुद्दाम फाडलं नाही. तेव्हा फोनवरच दर्शन घेतलं, फोनवरच कीर्तनं ऐकली. अंथरुणावरच्या माणसाला त्याचा आधार मोठा झाला, आजही होतो, त्याला हसू नये. पण धडधाकट पोरं रिंगणाकडं पाठ करून स्वतःचा व्हिडिओ काढतात आणि अश्व मागून निघून जातो, ते बघितलं की जीव जळतो. चालताना अभंग सुरू असला की फोन खिशात, हे आपल्या दिंडीचं ठरलेलं आहे. चोपदारांनी यंदा जरा कडक राहावं.

आता कामाचं बोलून बसतो. वही कागदाचीच राहणार. भिशी फोनवर पाठवा, चालेल, पण नाव वहीत हातानं लिहिलं जाईल, आणि ज्याच्याकडं फोन नाही त्याचं नाव त्याच ओळीत, तसंच. फोन नंबरचा रकाना यंदापासून घातलाय, त्याच्या शेजारी घरच्या एका माणसाचा नंबर. फोन हरवला तर आधी सिम बंद करायचं, बँकेला कळवायचं, पोलिसांत द्यायचं, आणि संचार साथीवर तो फोनच बंद करता येतो. मी ट्रकवरच असतो, रात्रीही उठवा.

सतरंजीवर बसायला यंदा पोरं कमी पडतायत. बारावी झालेली, वाचायला खणखणीत आणि म्हाताऱ्या माणसावर न खेकसणारी पाहिजेत. पोरी असतील तर फार बरं, बायका त्यांच्याशी मोकळं बोलतात. महाप्रसाद झाल्यावर नावं माझ्याकडं द्या. १९३० हा आकडा मंडपाच्या खांबावर खडूनं लिहिलाय, तो या वेळी ट्रकच्या फाळक्यावर रंगानं लिहून घेऊ. रंगाचा खर्च एका माउलीनं उचललाय, नाव सांगू नका म्हणाली.

आणि त्या बाबांकडं मी परवा जाऊन आलो. शताब्दीचं निमंत्रण दिलं. येतो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. आपल्यातल्या दोघा-तिघांनी अजून एकदा जाऊन यावं. जाताना फोन करू नका, उठून जा.

रामकृष्णहरि.